लेस्टरशायर : तळातली काउंटी वर कशी आली? (अल्फोन्सो थॉमस आणि खडूस क्रिकेट)

ग्रेस_रोडकर

नमस्कार मंडळी,

इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटवर, म्हणजे तिथल्या परगण्यांच्या संघांवर, इथे फारसं कुणी लिहीत नाही. लिहिलं तरी सरे, यॉर्कशायर, फार तर ससेक्स. आज मी माझ्या काउंटीबद्दल लिहितोय. मूळचा दादरचा, २०११ च्या शरद ऋतूत नोकरीसाठी लेस्टरला आलो आणि इथलाच झालो. ग्रेस रोड मैदान घरापासून पायी वीस मिनिटांवर आहे. (नावावरून डब्ल्यू. जी. ग्रेसची आठवण होते, पण त्याचा आणि या नावाचा संबंध नाही.)

सप्टेंबर २०२५ मध्ये लेस्टरशायरने काउंटी चॅम्पियनशिपचा दुसरा विभाग जिंकला आणि आम्ही पहिल्या विभागात गेलो. याआधी आम्ही तिथे होतो ते २००३ साली. त्या वर्षी सेहवाग आमच्याकडून खेळत होता! मधली बावीस वर्षं तळात.

ज्यांना रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकूण अठरा काउंट्या, पहिल्या विभागात दहा, दुसऱ्यात आठ. चार दिवसांचे सामने, प्रत्येकी चौदा. दरवर्षी दोन संघ वर जातात, दोन खाली येतात. जिंकलं की १६ गुण, सामना अनिर्णित राहिला तर सध्या ८, शिवाय पहिल्या डावातल्या धावा आणि बळींचे जादा गुण.

लेस्टरशायर मुळात लहान काउंटी, पण नेहमीच दुबळी नव्हती. १९७५ मध्ये रे इलिंगवर्थच्या नेतृत्वाखाली चॅम्पियनशिप, मग १९९६ आणि १९९८ मध्ये जेम्स व्हिटेकरच्या संघाने दोनदा. ट्वेंटी-२० करंडक तीन वेळा: २००४, २००६, २०११. मी आलो तेव्हा तो तिसरा करंडक ताजा होता, ऑफिसातले लोक अभिमानाने सांगायचे. मला वाटलं, वा, चांगल्या गावी आलो.

आणि मग सुरू झाला दुष्काळ. सप्टेंबर २०१२ नंतर चॅम्पियनशिपमध्ये विजयच नाही. २०१३ चा अख्खा हंगाम कोरडा, २०१४ चाही. जून २०१५ मध्ये चेम्सफर्डला एसेक्सला हरवलं तेव्हा ९९२ दिवस झाले होते. सदतीस सामने!

त्या काळातला एप्रिलमधला एखादा सकाळचा खेळ कसा असायचा ते सांगतो. हवा ८ अंश. पॅव्हेलियनसमोर दीडेकशे माणसं, बहुतेक सत्तरीतली, मांडीवर घोंगडी, हातात थर्मास आणि पेन्सिल. प्रत्येक विकेट पडली की तो स्कोअर लिहिण्याचा बारीक खरखराट ऐकू यायचा, इतकी शांतता. माझ्या शेजारी एक आजोबा बसायचे. सलामीचा गडी बाद झाला की ते काही बोलायचे नाहीत, फक्त थर्मासचं झाकण काढून अर्धा कप चहा ओतायचे. चौथी विकेट पडेपर्यंत थर्मास रिकामा व्हायचा. पहिला तास बरा गेला तरी लंचनंतरचा तास आम्हाला खायचा. २ बाद ९० वरून सगळे बाद १६०, हे इतक्यांदा पाहिलंय की ९० लागले की पोटात कालवायचं.

२०२२ मध्ये तर कहर झाला. जुलैमध्ये ग्रेस रोडवर ससेक्सविरुद्ध कॉलिन ॲकरमन नाबाद २७७, वियान मुल्डर नाबाद २३५, पाचव्या विकेटसाठी अभंग ४७७ ची भागी, धावफलक ४ बाद ७५६ डाव घोषित. (मुल्डर म्हणजे तोच, ज्याने २०२५ मध्ये बुलावायोला कसोटीत नाबाद ३६७ काढल्या.) एवढं करून सामना अनिर्णित! त्या हंगामात एकही विजय नाही, शेवटचा क्रमांक.

तीन वर्षांत तिथून इथवर. मधे काय झालं?

प्रशिक्षक पॉल निक्सन २०२३ च्या हंगामाच्या मध्यात गेला. संघ सांभाळायला आला सहायक प्रशिक्षक अल्फोन्सो थॉमस, जोडीला जेम्स टेलर. थॉमस केप टाउनचा, वेगवान गोलंदाज, दक्षिण आफ्रिकेकडून एकच आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२०, पण सॉमरसेटकडून वर्षानुवर्षं खेळलेला. आपल्या पुणे वॉरियर्सकडून आयपीएलमध्येही दिसला होता, काहींना आठवत असेल. त्या हंगामाअखेर मुख्य प्रशिक्षकपद त्याच्याकडेच आलं.

मला जे दिसलं ते असं: त्याने संघाला वाईट तास पचवायला शिकवलं. पूर्वी आमचा एक वाईट तास बघता बघता वाईट दिवस व्हायचा आणि दिवसाबरोबर सामनाही जायचा. आता चार विकेट झटपट गेल्या तरी पुढचे दोघं अर्धा तास नुसते टिकून राहतात. चेंडू सोडतात, पायावर झेलतात, ग्लोव्हज बदलतात, पुन्हा उभे राहतात. समोरच्या गोलंदाजाचा दम जातो. आपल्या मुंबईत याला एकच शब्द आहे: खडूस. लेस्टरशायर खडूस झालंय. हे मला मनापासून सुखावतं, कारण मी ज्या मैदानांवर वाढलो तिथलं क्रिकेट हेच होतं.

तुमचं मत वाचायला आवडेल. काउंटी पाहणारे इथे किती आहेत तेही कळेल.

---

कांगा_लीगवाला

धाग्याबद्दल मनापासून आभार. वय वर्षे ६८, आझाद मैदानावर बावीस वर्षं कांगा लीग खेळलो, तीही खालच्या डिव्हिजनमध्ये. म्हणून 'खडूस' शब्द वाचला आणि लिहायलाच बसलो.

इंग्लंडचा एप्रिल म्हणजे आपला जुलै. कांगा लीग १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यात खेळवतात. गुडघाभर गवत, ओली विकेट, चेंडू कधी घोट्यावर तर कधी बरगडीवर. अशा विकेटवर जो फलंदाज 'आज ३० धावा म्हणजे शतक' हे मनाशी पक्कं करून उतरतो तोच टिकतो. आमचे कोच सांगायचे, "आधी अर्धा तास काढ, मग धावा आपोआप येतील." तुमच्या थॉमसने वेगळं काही सांगितलं असेल असं वाटत नाही. मात्र नुसतं सांगून भागत नाही. फलंदाज बाद होऊन परत आल्यावर त्याला प्रशिक्षक काय बोलतो, त्यावर पुढच्या डावात तो टिकणार की नाही हे ठरतं.

एक विचारतो. थॉमस गोलंदाज. मग गोलंदाजीत काय फरक पडला?

---

ग्रेस_रोडकर

काका, नमस्कार. चांगलं विचारलंत.

मुख्य फरक म्हणजे गोलंदाजी करणारे फलंदाज वाढले. इयन हॉलंड हॅम्पशायरहून आला, बेन ग्रीन सॉमरसेटहून, टॉम स्क्रिव्हन आधीपासून होता. कुणीच नव्वद मैलांनी टाकणारा नाही. सगळे ऑफस्टंपच्या माथ्यावर, तासन् तास. आणि तिघंही फलंदाजी करतात, त्यामुळे शेपूट उरलंच नाही. समोरचा संघ पाच जणांना बाद करून हुश्श करतो आणि मग पुढचे दोन तास घाम गाळत बसतो.

दुसरं, जॉश हल. सहा फूट सात इंच उंचीचा डावखुरा पोरगा. २०२४ मध्ये त्याचे चॅम्पियनशिपमधले बळी होते दोन, सरासरी १८२.५०. तरी त्याच वर्षी ओव्हलवर श्रीलंकेविरुद्ध इंग्लंडने त्याला कसोटी पदार्पण दिलं, विसाव्या वर्षी. बाहेरच्या लोकांनी कपाळाला हात लावला. पण उंची, उसळी आणि डावा हात यांची किंमत आमच्या लोकांनी आकड्यांच्या पलीकडे ओळखली होती, आणि वाईट आकडे असतानाही त्याच्या हातात चेंडू देत राहिले.

---

आकडेमोड

लेख आवडला. दोन मुद्द्यांवर मात्र मी सहमत नाही.

पहिला. सुधारणा थॉमसच्या आधी सुरू झाली होती. एप्रिल २०२३ मध्ये हेडिंग्लेवर यॉर्कशायरविरुद्ध चौथ्या डावात ३८९ धावांचा पाठलाग करून लेस्टरशायर तीन गडी राखून जिंकलं. हेडिंग्लेवर यॉर्कशायरला त्यांनी याआधी हरवलं होतं १९१० साली! तेव्हा प्रशिक्षक निक्सनच होता. त्यामुळे 'नवा प्रशिक्षक आला आणि सगळं पालटलं' ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण घडलेल्या गोष्टींचा क्रम तसा नाही.

दुसरा. २०२३ चा वन-डे कप लेस्टरशायरने जिंकला खरा, पण ही स्पर्धा ऑगस्टमध्ये, हंड्रेड (शंभर चेंडूंच्या सामन्यांची लीग) चालू असताना खेळली जाते. मोठ्या काउंट्यांचे दहा-दहा खेळाडू हंड्रेडमध्ये असतात. लहान काउंटीचे कमी जातात, त्यामुळे तिचा संघ जवळजवळ पूर्ण असतो. हा फायदा मोजायला हवा.

यात कुणाचं श्रेय काढून घ्यायचं नाही. पण प्रशिक्षकाचं काम नेमकं किती, हे कळण्यासाठी बाकीच्या गोष्टी आधी बाजूला काढाव्या लागतात.

---

नॉटिंगहॅमकरीण

मी तो २०२३ चा अंतिम सामना ट्रेंट ब्रिजवर बसून पाहिलाय. १६ सप्टेंबर. आकडेमोड, तुमचा हंड्रेडचा मुद्दा बरोबर आहे, पण अंतिम सामन्यात समोर हॅम्पशायर होतं आणि त्या दिवशी जे झालं ते सोप्या स्पर्धेमुळे झालं असं मला कुणी सांगितलं तर मी भांडेन.

लेस्टरशायर ६ बाद ८९. आमच्या स्टँडमधले लोक घरी जायच्या गाड्या बघायला लागले होते. पीटर हँड्सकोम्ब ऑस्ट्रेलियाला परत गेलेला, म्हणून हॅरी स्विंडल्सला संघात जागा मिळालेली. जोडीला सॅम एव्हन्स. मी नवऱ्याला म्हटलं, दीडशेच्या आत गुंडाळणार हे. आणि हे दोघं खेळायला लागले. पहिली दहा षटकं काहीच घडलं नाही. एक, एक, निर्धाव, दोन. स्विंडल्स प्रत्येक चेंडूनंतर लेगस्टंपच्या बाजूला दोन पावलं चालत जायचा, हेल्मेटची पट्टी सारखी करायचा, परत यायचा. सारखं तेच. मला आधी कंटाळा आला, मग लक्षात आलं की तो मुद्दाम स्वतःला थांबवतोय.

१५१ ची भागी झाली. एव्हन्स ६०, स्विंडल्स नाबाद ११७. धावफलक ७ बाद २६७.

मग शेवटचं षटक. हॅम्पशायरला ८ हव्यात. चेंडू कुणाच्या हातात, तर एकोणीस वर्षांच्या जॉश हलच्या. ज्या पोराची दाढी नीट आली नव्हती त्याला त्या षटकासाठी बोलावणं, हा निर्णय मैदानावर कर्णधार लुईस हिलचा असला तरी त्या पोराच्या मनात 'मी हे करू शकतो' हे आधी कुणीतरी पेरलेलं असणार. त्याने पाच दिल्या. दोन धावांनी जिंकले. लेस्टरशायरला एकदिवसीय स्पर्धेतला करंडक १९८५ नंतर पहिल्यांदा मिळाला.

मी खरं तर नॉटिंगहॅमशायरची. तरी उभी राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढच्या रांगेत एक म्हातारं जोडपं लेस्टरशायरच्या कोल्ह्याचं चित्र असलेले स्कार्फ घालून बसलं होतं. बाई रडत होत्या आणि आजोबा त्यांचा चष्मा पुसून देत होते.

---

आकडेमोड

ताई, हा प्रतिसाद वाचून माझा दुसरा मुद्दा मी निम्मा मागे घेतो. :) पहिला मात्र कायम.

---

ग्रेस_रोडकर

आकडेमोड, पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे आणि मी ते लिहायला हवं होतं. निक्सन हा लेस्टरशायरचा हाडाचा माणूस. तिन्ही ट्वेंटी-२० करंडकांत यष्टिरक्षक तोच होता. २०११ च्या अंतिम सामन्यात सॉमरसेटला हरवलं, म्हणजे थॉमस ज्या काउंटीचा, तिलाच. निक्सनच्या काळात ऋषी पटेल, रेहान अहमद, हल, लुई किंबर या पोरांना संधी मिळाल्या. तो पाया मी नाकारत नाही.

पण पुढचंही बघा. २०२३ नंतर ॲकरमन डरहॅमला गेला, कॅलम पार्किन्सनही डरहॅमलाच गेला. एक मुख्य फलंदाज आणि एक मुख्य फिरकी गोलंदाज. पूर्वी असे दोघं गेले असते तर आम्ही पुन्हा तीन वर्षं मागे गेलो असतो. आमचा इतिहासच तसा आहे. स्टुअर्ट ब्रॉड आमच्याकडे घडला, नॉटिंगहॅमशायरला गेला. जेम्स टेलर आमच्याकडे घडला, तोही नॉटिंगहॅमशायरलाच गेला. (नॉटिंगहॅमकरीण ताई, राग नाही!) टेलरला हृदयाच्या आजारामुळे २०१६ मध्ये ऐन उमेदीत खेळ सोडावा लागला, आणि तोच पुढे आमच्या पोरांना फलंदाजी शिकवायला परत आला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तर या वेळी दोघं गेले आणि संघ कोसळला नाही. हे मी थॉमसच्या आणि क्रिकेट संचालक क्लॉड हेंडरसनच्या खात्यावर मांडतो. हेंडरसन म्हणजे २००४ मध्ये कोलपॅक नियमाखाली (परदेशी खेळाडूंच्या कोट्यात न मोजता) काउंटीत आलेला पहिला खेळाडू, तोही आमच्याकडेच. हे दोघंही बाहेरून येऊन काउंटी क्रिकेटमध्ये मुरलेले व्यावसायिक. लहान काउंटीत माणूस का येतो, का थांबतो आणि का जातो, हे त्यांनी स्वतः जगलंय.

---

नागपुरी_ऑफब्रेक

वाचताना सारखा विदर्भ डोळ्यांपुढे येत होता. आम्हीही वर्षानुवर्षं रणजीत नुसते हजेरी लावणारे. मग चंद्रकांत पंडित आले आणि २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून पहिलं विजेतेपद. त्या सामन्यात रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक! पुढच्याच वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून दुसरं. लोक म्हणाले, पंडितांची जादू. पंडित सर गेल्यावर काय होणार अशी धाकधूक होती. २०२४-२५ मध्ये अक्षय वाडकरच्या संघाने पुन्हा रणजी जिंकली, हर्ष दुबेने एका हंगामात ६९ बळींचा विक्रम केला, आणि प्रशिक्षक होते उस्मान घनी, आपल्याच मातीतले.

म्हणून मला वाटतं की प्रशिक्षकाची खरी परीक्षा तो गेल्यावर होते. पंडित सरांची शिस्त कडक होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती शिस्त त्यांच्यामागे पोरांच्या अंगात राहिली. लेस्टरला ते कळायला अजून वेळ लागेल.

थॉमसही तसाच कडक आहे का? बाहेरून काय दिसतं?

---

ग्रेस_रोडकर

ड्रेसिंग रूममध्ये काय चालतं ते मला कसं कळणार? मैदानावरून दिसतं तेवढं सांगतो. खेळ सुरू व्हायच्या आधी सरावाला जाळीजवळ मी बरेचदा उभा असतो. थॉमस बोलतो कमी. गोलंदाजाच्या मागे, पंच उभा राहतो तिथे, हात मागे बांधून उभा असतो. एकदा एका तरुण गोलंदाजाचे सलग चार चेंडू लेगला गेले. मला वाटलं आता ओरडेल. त्याने खिशातून काहीतरी काढलं, बहुधा गोल्फची टी किंवा नाणं, ते क्रीजजवळ ठेवलं आणि बोटाने दाखवलं. पोराने पुढच्या चेंडूला पाय तिथे टाकला. मग दोघंही काही न बोलता पुढे. मला ते फार आवडलं.

आणि हा खडूसपणा म्हणजे पोरांच्या हातातले फटके काढून घेणं नव्हे, हेही सांगायला हवं. जून २०२४, होव्ह, ससेक्सविरुद्ध. ४६४ चं लक्ष्य, आमची अवस्था वाईट, आठव्या क्रमांकावर लुई किंबर आला. ऑली रॉबिन्सनच्या एका षटकात ४३ धावा! काउंटीत नो बॉलच्या दोन धावा मिळतात, तीन नो बॉल पडले, त्या तिन्हींवर चौकार. शंभर चेंडूंत द्विशतक, चॅम्पियनशिपच्या इतिहासातलं सर्वांत वेगवान. १२७ चेंडूंत २४३, त्यात २१ षटकार. मी ऑफिसात मीटिंग सोडून जिन्यात उभा राहून मोबाइलवर बघत होतो. १८ धावांनी हरलो. हरल्यावर इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही. आठव्या क्रमांकाचा माणूस ४६४ चा पाठलाग जिंकायला निघाला होता! ९९२ दिवसांच्या काळात आमच्या आठव्या क्रमांकाच्या मनात फक्त चहापर्यंत कसं टिकायचं एवढंच असायचं.

---

डोंबिवलीकर_७८

आमच्या अजिंक्य रहाणेचा उल्लेख कसा नाही अजून? २०२४ मध्ये तुमच्याकडूनच खेळला ना?

---

ग्रेस_रोडकर

त्याच्यावर सविस्तर लिहायचं म्हणून राखून ठेवलं होतं, पण विचारलंत तर सांगतोच.

खरं तर तो २०२३ मध्येच यायचा होता. मधे कसोटी संघात पुनरागमन झालं, ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९ आणि ४६ काढल्या, आणि तो हंगाम राहून गेला. २०२४ च्या उत्तरार्धात आला. कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध दुसऱ्या डावात त्याने १०२ काढल्या, दुसऱ्या बाजूला हँड्सकोम्ब नाबाद १३९. पहिल्या डावात मोठी पिछाडी होती, सामना हरल्यातच जमा होता, तो या दोघांनी वाचवला. हाच तो वाईट तास पचवणं. आणि शिकवायला डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीत किटबॅग घेऊन मुंबईला गेलेला माणूस! आमच्या ऋषी पटेलला आणि रेहानला तो डाव ड्रेसिंग रूममधून बघायला मिळाला, याची किंमत कुठल्या तक्त्यात धरणार?

त्या ऑगस्टमध्ये माझे बाबा इथे आले होते, वय ७६. त्यांना ग्रेस रोडवर घेऊन गेलो. रहाणे सीमारेषेजवळून चालला होता, बाबांनी हाक मारली, "अजिंक्य, डोकं खाली ठेवून खेळ रे बाळा!" त्याने मान वळवून हात जोडले. बाबा घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "स्लिपमध्ये हात अजून मऊ आहेत त्याचे."

---

डोंबिवलीकर_७८

डोळ्यांत पाणी आलं. बाबांना नमस्कार सांगा.

---

पुण्याचा_सलामीवीर

मला यातला एक धागा आपल्याकडे ओढायचाय. महाराष्ट्राने रणजी शेवटची जिंकली १९४०-४१ मध्ये, देवधरांच्या काळात. २०१३-१४ ला सुरेंद्र भावे प्रशिक्षक असताना अंतिम फेरीपर्यंत गेलो, कर्नाटककडून हरलो. गुणी पोरं आपल्याकडे कायम होती आणि आहेत. मी स्वतः क्लब क्रिकेट खेळताना पाहिलंय, एका हंगामात निकाल वाईट आला की पुढच्या हंगामात प्रशिक्षक नवा, निवड नवी, सलामीची जोडी नवी. मी एका मोसमात चार वेगवेगळ्या क्रमांकांवर खेळलो आणि एकाही क्रमांकावरचं काम शिकलो नाही. त्यामुळे हलला १८२ च्या सरासरीनंतरही खेळवत राहिले हे वाचून मी पाच मिनिटं नुसता बसून राहिलो.

रेहान अहमदचं काय केलं त्यांनी? तो तर लेगस्पिनर म्हणून आला होता ना?

---

आकडेमोड

रेहानचं मी सांगतो, कारण इथे मीही थॉमसला पूर्ण गुण देतो. डिसेंबर २०२२ मध्ये कराचीत अठराव्या वर्षी पदार्पण, इंग्लंडचा सर्वांत तरुण पुरुष कसोटीपटू, दुसऱ्या डावात पाच बळी. अशा पोराला काउंटीत लेगस्पिनर म्हणून वापरणं फार कठीण. एप्रिल-मेमध्ये चेंडू वळत नाही, तो दिवसाला सहा षटकं टाकून हात खिशात घालून उभा राहणार. लेस्टरशायरने त्याला वरच्या क्रमांकावर फलंदाज म्हणून खेळवलं. २०२५ मध्ये त्याने चॅम्पियनशिपमध्ये पाच शतकं ठोकली. डर्बीशायरविरुद्ध तर एकाच सामन्यात शतक आणि १३ बळी! म्हणजे गोलंदाजी मिळो न मिळो, पोरगा रोज खेळात राहिला. आणि खेळात राहिला म्हणून उन्हाळ्यात विकेट कोरडी झाल्यावर गोलंदाजीही फुलली. हा निर्णय सरळ प्रशिक्षकाचा आणि तेव्हाचा कर्णधार हँड्सकोम्ब याचा.

---

कांगा_लीगवाला

वा! हे आपल्या मैदानांवरचं जुनं शहाणपण. फिरकी गोलंदाजाला फलंदाजीत वर पाठवा, त्याला फलंदाजाचं मन कळतं आणि त्याची गोलंदाजी सुधारते.

आता पुढचं सांगा. वरच्या विभागात निभाव लागेल का?

---

नागपुरी_ऑफब्रेक

काकांचाच प्रश्न माझाही. आणि पैशाचं काय? लहान काउंटीचे खेळाडू मोठ्या काउंट्या पुन्हा उचलणारच.

---

ग्रेस_रोडकर

अवघड जाणार आहे. पहिल्या विभागात सरेसारखे संघ आहेत, ज्यांचा दुसरा संघही आमच्यावर भारी पडेल. शेपटात फलंदाजी असणं दुसऱ्या विभागात पुरतं. तिथे आम्हाला २० बळी घेणारा एखादा खरा वेगवान गोलंदाज लागेल, आणि हल सोडला तर तो आमच्याकडे नाही. इंग्लंडने रेहान आणि हलला बोलावलं की आम्ही आणखी उघडे पडणार. मला पहिल्या वर्षी खालून तिसरा-चौथा क्रमांक मिळाला तरी मी पेढे वाटीन.

पैशाबद्दल: २०२५ मध्ये हंड्रेडच्या आठ संघांतले हिस्से विकले गेले. ज्या काउंट्यांच्या मैदानावर हंड्रेडचा संघ नाही त्यांनाही त्यातला वाटा मिळणार आहे. लेस्टरशायर सभासदांच्या मालकीची काउंटी आहे, म्हणजे माझीसुद्धा, वर्षाची वर्गणी भरतो मी. हा पैसा एखाद्या महागड्या परदेशी खेळाडूवर उडवण्याऐवजी वीस-बावीस वर्षांच्या पोरांचे करार लांबवण्यात घालावा, असं मी सभासदांच्या बैठकीत उठून बोलणार आहे.

---

नॉटिंगहॅमकरीण

२०२५ मध्ये पहिला विभाग आम्ही जिंकलाय, विसरू नका! म्हणजे पुढच्या हंगामात आपली गाठ पडणार. ट्रेंट ब्रिजला सामना असेल तर लेस्टरहून आगगाडीने अर्धा तास. मी थालीपीठं आणि लोणी घेऊन येते. एप्रिलमध्ये असेल तर घोंगडी तुमची.

---

ग्रेस_रोडकर

ताई, ठरलं. घोंगडी आणतो, थर्मासही. शेजारच्या आजोबांना विचारून बघतो. ते ट्रेंट ब्रिजला गेल्याला बरीच वर्षं झाली म्हणतात, पण पहिल्या विभागाचा सामना म्हटल्यावर काल त्यांनी कॅलेंडर काढलं.